हरवून सापडलेला विनोदी चित्रपट कसा पाहावा

जुन्या चित्रपटाचे हरवलेले डबे कुठेतरी सापडले अशी बातमी आली की चित्रपट पाहण्याआधीच आपण त्याला दहापैकी दोन गुण फुकटचे देऊन मोकळे होतो. हरवला होता म्हणजे मौल्यवान असणार आणि विनोदी आहे म्हणजे हसायलाच हवे, असे ओझे घेऊन प्रेक्षक पडद्यासमोर बसतो; मग पहिली वीस मिनिटे हसू आले नाही, तर तो दोष स्वतःकडे घेतो किंवा ‘त्या काळाच्या मानाने बरा आहे’ असे म्हणून चित्रपटाची बोळवण करतो. दोन्ही प्रकारांत चित्रपट पाहायचा राहूनच जातो. तो नीट पाहता यावा आणि पुन्हा पाहता यावा, यासाठी काय करावे हे येथे सांगायचे आहे, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्स यांचा १९६१ सालचा ‘मिस्टर टोपाझ’ हा ब्रिटिश चित्रपट घेतला आहे.

हेच उदाहरण घेण्यामागे थोडा खोडसाळपणा आहे. या चित्रपटाचा नायक ओग्युस्त टोपाझ हा एका फ्रेंच गावातील खासगी शाळेत शिकवणारा गरीब, सरळमार्गी मास्तर आहे. बड्या घरच्या नातवाचे गुण वाढवून देण्यास तो नकार देतो आणि त्यापायी नोकरी गमावून बसतो. अशा मास्तराची गोष्ट पाहणाऱ्याने निदान त्याच्या चित्रपटाला तरी फुकटचे गुण वाढवून देऊ नयेत.

पहिले काम चौकशीचे. चित्रपट नेमका कोणत्या अर्थाने हरवला होता, हे आधी जाणून घ्यावे, कारण ‘हरवलेला’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. काही चित्रपट खरोखरच नाहीसे झालेले असतात. जॉर्ज पिअर्सन यांनी १९२३ साली बेटी बाल्फोरला घेऊन काढलेला ‘लव्ह, लाइफ अँड लाफ्टर’ हा मूकपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० साली जाहीर केलेल्या ७५ बेपत्ता चित्रपटांच्या यादीत होता. पुढे त्याची रिळे नेदरलँड्समधील हात्तेम या लहानशा गावातल्या एका जुन्या चित्रपटगृहातून बाहेर आली. खुद्द सेलर्स यांचे १९५७ सालचे दोन लघुपट तर १९९६ साली लंडनमधील एका कार्यालयाबाहेरच्या कचऱ्यातून कोणीतरी उचलून घरी नेले, तेथे ते कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिले आणि २०१४ साली साउथएंडच्या महोत्सवात पुन्हा पडद्यावर आले. काही चित्रपट नाहीसे झालेले नसतात, पण कापाकापीने विद्रूप झालेले असतात. हॅरी सीकोम, स्पाइक मिलिगन आणि सेलर्स या विनोदी नटांच्या १९५१ सालच्या ‘पेनी पॉइंट्स टू पॅरडाइज’ची मूळ रूपाच्या शक्य तितकी जवळ जाणारी प्रत २००९ साली जुळवावी लागली, ती याच कारणाने.

‘मिस्टर टोपाझ’ तिसऱ्या प्रकारातला आहे. तो नष्ट झाला नव्हता, फक्त कोणाला पाहायला मिळत नव्हता. सेलर्स यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव लावलेला हा त्यांचा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट. तो लोकांनी डोक्यावर घेतला नाही, अमेरिकेत ‘आय लाइक मनी’ असे नाव बदलूनही फारसे काही घडले नाही आणि पुढे तो वितरणातून उठला. सेलर्स यांनी चिडून स्वतःच त्याच्या प्रती नष्ट करवल्या अशी एक दंतकथा सांगतात. दंतकथा चवदार आहे, पण तिच्यावर विसंबून चित्रपट पाहायला बसू नये, कारण मग प्रत्येक दृश्यात आपण ‘एवढे काय वाईट होते यात?’ हाच प्रश्न विचारत राहतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात ३५ मिलिमीटरच्या प्रती शिल्लक होत्या, त्यांच्यावरून चित्रपटाचे टू-के दर्जाचे (सुमारे दोन हजार बिंदू रुंदीचे) डिजिटल रूपांतर झाले आणि २०१९ साली तो ब्ल्यू-रेवर घरोघरी पाहण्याजोगा झाला.

ही चौकशी निव्वळ हौसेची नाही. मूळ निगेटिव्हवरून, म्हणजे कॅमेऱ्यात चित्रित झालेल्या फिल्मवरून, केलेले रूपांतर आणि चित्रपटगृहात फिरून आलेल्या प्रिंटवरून केलेले रूपांतर यांत बराच फरक असतो. निगेटिव्ह ते प्रिंट या प्रवासात दर पायरीला थोडा तपशील गळतो, काळे भाग अधिक काळे होतात आणि उजेडाच्या भागांतील बारकावे पुसट होतात. त्यात हा चित्रपट ईस्टमनकलरमधला. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमधील निळसर-हिरव्या छटेचे रंगद्रव्य सर्वांत आधी उडते आणि उरलेले चित्र गुलाबी-तांबूस दिसू लागते. सत्तरच्या दशकातील हिंदी-मराठी रंगीत चित्रपटांच्या जुन्या प्रिंट ज्यांनी गावोगावच्या चित्रपटगृहांत पाहिल्या आहेत, त्यांना हा गुलाबीपणा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. संगणकावर हा तोल बराचसा सावरता येतो, पण जे रंगद्रव्य उडून गेले ते परत येत नाही. त्यामुळे एखाद्या दृश्यात चेहरे जरा भाजल्यासारखे दिसले किंवा कोपऱ्यातला काळा कोट भिंतीत विरघळला, तर त्याचा दोष लगेच छायाचित्रकार जॉन विलकॉक्स यांच्या माथी मारू नये. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले, तेव्हापासून तेथील माणसे याच झिजेशी झुंजत आली आहेत. ॲसिटेटच्या फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की फिल्म कुजू लागली आहे हे त्यांना नाकानेच कळते.

आता घरातील तयारी. हा चित्रपट सिनेमास्कोपचा आहे, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट आहे. आपल्या टीव्हीवर तो लावला की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या येऊ द्याव्यात. पट्ट्या नकोत म्हणून ‘झूम’चे बटण दाबले की चित्राच्या दोन्ही कडा कापल्या जातात, आणि रुंद पडद्यावरील विनोद बहुधा कडेलाच घडत असतो: एक जण मध्यभागी बोलतो आणि ऐकणाऱ्याचा चेहरा डाव्या टोकाला असतो. कडा कापली की उरते ते नुसते संभाषण. नवीन टीव्हीमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते, तीही बंद करावी, नाहीतर सेकंदाला चोवीस चित्रांचा चित्रपट दूरदर्शनवरील मालिकेसारखा दिसू लागतो.

डीव्हीडी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटनमधील डीव्हीडी पाल या तिथल्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या असतात आणि त्यांत चित्रपट सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चित्रांनी पळवला जातो. शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. एरवी हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही, पण विनोदाची सारी मदार क्षणभराच्या थांबण्यावर असते आणि सेलर्ससारख्या आवाजावर जगणाऱ्या नटाच्या बाबतीत चढलेली पट्टी म्हणजे चुकीचा सूर. म्हणून शक्य असेल तेथे ब्ल्यू-रे घ्यावी. ती घेताना विभाग तपासावा, कारण एका विभागासाठी काढलेली डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही: ब्ल्यू-रेसाठी ब्रिटन ‘बी’ विभागात येते आणि भारत ‘सी’ विभागात, तर डीव्हीडीसाठी ब्रिटन दोन क्रमांकाच्या आणि भारत पाच क्रमांकाच्या विभागात. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर घरात नसेल तर आधी वेष्टनावरील खूण वाचावी आणि मगच पैसे मोजावेत. मी हे उलट्या क्रमाने केले आहे, म्हणून सांगतो.

पाहण्याआधी किती वाचावे? फार नाही, पण एक गोष्ट अवश्य वाचावी. हा चित्रपट मार्सेल पान्योल यांच्या १९२८ सालच्या फ्रेंच नाटकावर बेतलेला आहे. ते नाटक अतोनात गाजले आणि १९३३ सालीच त्याचे दोन चित्रपट निघाले, एक अमेरिकेत जॉन बॅरिमोर यांचा आणि एक फ्रान्समध्ये लुई जुव्हे यांचा. पुढे पान्योल यांनी स्वतः दोनदा ते पडद्यावर आणले, त्यांपैकी १९५१ सालच्या आवृत्तीत फ्रेंच विनोदी नट फर्नांडेल होते. म्हणजे सेलर्स यांच्यापुढे कोरी पाटी नव्हती, चांगलीच गिरवलेली होती.

नाटकाची सुरुवात वर्गात होते. मास्तर एका विद्यार्थ्याला मेंढ्यांविषयीचे वाक्य शुद्धलेखनासाठी सांगत आहेत. फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा ‘स’ लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि पोराला काही केल्या तो ‘स’ सुचत नाही. तेव्हा त्याला खूण पटावी म्हणून मास्तर तो न उच्चारायचा ‘स’ ओढूनताणून उच्चारू लागतात. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही हे दृश्य परके वाटणार नाही. आमचे गुरुजी ‘नदी’ सांगताना ‘दीऽऽ’ एवढा लांबवत की वेलांटी दुसरी आहे हे मागच्या बाकावरच्या पोरालाही कळे, आणि ‘मी उत्तर सांगत नाही हां’ असेही वर म्हणत. असा विनोद इंग्रजीत जसाच्या तसा उतरणे शक्यच नाही, कारण तेथे अनेकवचनाचा ‘स’ ऐकू येतो. भाषेवर उभ्या असलेल्या नाटकाचा दुसऱ्या भाषेत चित्रपट होतो तेव्हा शब्दांतला विनोद कुठे जातो, तो नटाच्या अंगात, चालण्यात, थांबण्यात शिरतो की वाटेत सांडतो, हे पाहणे हाच या चित्रपटातला पहिला अभ्यास आहे.

पहिल्यांदा पाहताना वही-पेन्सिल जवळ घेऊ नये. शक्यतो एकट्यानेही पाहू नये, कारण विनोदी चित्रपट भरलेल्या चित्रपटगृहासाठी रचलेले असतात आणि हशासाठी ठेवलेली जागा रिकाम्या खोलीत नुसती संथ वाटते. मी हा चित्रपट पहिल्यांदा आत्याबरोबर पाहिला. तिने तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. सुरुवातीला ती मनापासून हसत होती. संस्थाचालक म्युश यांच्या मुलीवर, एर्नेस्टीनवर, टोपाझचा जीव जडलेला आणि ती मात्र त्याच्याकडून आपल्या वाट्याच्या वह्या तपासून घेते, हे तर तिला फारच पटले. मग बॅरोनेसचे, म्हणजे त्या बड्या घरच्या आजीबाईंचे, दृश्य आले. नातवाच्या प्रगतिपुस्तकात काहीतरी चूक झाली असणार, असे ती सुचवते. टोपाझ अत्यंत प्रामाणिकपणे सारे पुन्हा तपासतो आणि चूक झालेली नाही अशी तिला आनंदाने खात्री देतो. म्युश खुणावतो, सुचवतो, घसा खाकरतो. टोपाझला काहीच कळत नाही. मी हसत होतो. आत्या हसायची थांबली होती. “थांबव जरा,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. स्वयंपाकघरातून तिने एवढेच सांगितले की असाच एक कागद एकदा तिच्याही टेबलावर सरकवला गेला होता, आणि खाकरणारे गृहस्थही अगदी असेच खाकरले होते.

दुसऱ्यांदा पाहण्यासाठी निदान आठवडा जाऊ द्यावा. कथा ठाऊक झालेली असते, त्यामुळे आता नायकावरून नजर हलवण्याची मोकळीक मिळते, आणि जुन्या ब्रिटिश विनोदी चित्रपटांची खरी श्रीमंती नायकाच्या आजूबाजूला असते. तेच बॅरोनेसचे दृश्य आता फक्त म्युशकडे पाहत पाहावे. लिओ मकेर्न हे पुढे दूरचित्रवाणीवर रम्पोल वकील म्हणून घराघरांत पोहोचलेले नट. लोभ, भीती आणि आदब या तिन्ही गोष्टी ते एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी कशा नांदवतात ते पाहण्यासारखे आहे. बॅरोनेस झालेल्या मार्टिटा हंट म्हणजे १९४६ सालच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील मिस हॅविशॅम. टोपाझचा साधाभोळा सहकारी तामीझ हे मायकेल गॉफ, ज्यांना आजची पिढी बॅटमनचा नोकर म्हणून ओळखते. नगरपालिकेतील लबाड पुढारी कास्तेल-बेनाक यांच्या भूमिकेत हर्बर्ट लॉम आहेत. १९५५ सालच्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये ते आणि सेलर्स एकाच टोळीत होते, आणि पुढे पिंक पँथर मालिकेत सेलर्समुळे वेड लागण्याची पाळी आलेला वरिष्ठ अधिकारीही तेच. या पुढाऱ्याला आपल्या गैरव्यवहारांसाठी एक स्वच्छ नाव हवे असते, आणि त्याची मैत्रीण स्यूझी, म्हणजे नादिया ग्रे, नोकरी गेलेल्या मास्तराला बरोबर हेरते. सही करणारा माणूस प्रामाणिकच असावा लागतो, ही या कथेतील सर्वांत कडवी गंमत आहे आणि ती फ्रान्सपुरती मर्यादित नाही.

सेलर्स यांच्याकडे पाहताना मात्र एक सवय सोडावी लागते. त्यांची ओळख सोंगांची आणि आवाजांची. १९५९ सालच्या ‘आय ॲम ऑल राइट जॅक’मधील कामगार पुढारी, १९६० सालच्या ‘द मिलियनेरेस’मधील भारतीय डॉक्टर, १९६८ सालच्या ‘द पार्टी’मधील बक्षी: भारतीय प्रेक्षकाला शेवटच्या दोन भूमिका पाहताना हसू आणि अवघडलेपण दोन्ही वाटते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. टोपाझमध्ये हे सोंग जवळजवळ नाही. आवाज खाली, हालचाली आवरलेल्या, आणि स्वतःकडे लक्ष वेधून घेण्याची घाई नाही. पिंक पँथरमधल्या धांदरट इन्स्पेक्टर क्लूझोची अपेक्षा धरून बसलेल्याला हा माणूस फिका वाटतो. दुसऱ्या वेळी ती अपेक्षा गळून पडते आणि मग दिसते की दिग्दर्शक सेलर्स नट सेलर्सला मागे ठेवून इतरांना जागा देत आहे. हे कौतुकास्पद आहे. चित्रपटाला ते नेहमीच मानवते असे मात्र नाही.

मग तिसरे काम, चित्रपट त्याच्या सालात नेऊन ठेवण्याचे. १९६१ हे ब्रिटनमध्ये अशा सौम्य, नाटकी विनोदासाठी वाईट साल होते. आदल्या वर्षी ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ने कारखान्यातील तरुणाचा राग पडद्यावर आणला होता. १९६१ च्या मे महिन्यात लंडनमध्ये ‘बियाँड द फ्रिंज’ सुरू झाले, जेथे विद्यापीठातून आलेली चार तरुण मुले पंतप्रधानांची नक्कल करून लोकांना हसवत होती, आणि ऑक्टोबरमध्ये ‘प्रायव्हेट आय’ हे उपहासाला वाहिलेले नियतकालिक निघाले. भ्रष्टाचारावर हसायचे तर तो इथला, आजचा आणि नावानिशी असावा, असे लोकांना वाटू लागले असताना सेलर्स यांनी फ्रान्समधल्या तीस वर्षांपूर्वीच्या नाटकाचा भ्रष्टाचार दाखवला. माझ्या मते त्याचे पडणे यातून बऱ्याच अंशी समजते, आणि आज तो पाहताना त्याचा फायदाच होतो तेही यातूनच, कारण त्या वर्षीच्या नावानिशी विनोदांना आज तळटिपा लागतात, टोपाझला लागत नाहीत. मात्र समजणे म्हणजे माफ करणे नव्हे. मास्तराचे व्यवहारी, थंड डोक्याच्या माणसात होणारे रूपांतर नाटकात अंकांच्या मधल्या पडद्याआड घडले तरी चालते. चित्रपटात पडदा पडत नाही, आणि तो बदल पायऱ्या गाळून चढल्यासारखा वाटतो. पहिल्या अर्ध्या भागात जी ऊब आहे ती उत्तरार्धात निघून जाते, आणि ती मुद्दाम काढून घेतली आहे की हातातून निसटली आहे, हे मला दोनदा पाहूनही ठरवता आलेले नाही.

म्हणून दुसऱ्या पाहण्यानंतर, तिसऱ्याच्या आधी, कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: कुठे खरोखर हसू आले, कुठे हसू यायला हवे असे वाटले पण आले नाही, कुठे खोलीतला दुसरा कोणी हसला आणि आपण नाही, आणि कुठे हसू थांबले. पहिल्या दोहोंची तुलना केली की चित्रपटाचा विनोद आणि त्याची कीर्ती वेगवेगळी होतात. शेवटच्या दोहोंतून चित्रपटाविषयी जेवढे कळते तेवढेच आपल्याविषयीही. तिसऱ्यांदा संपूर्ण चित्रपट पाहण्याची गरज नसते. वर्गातील आणि कचेरीतील एकेक दृश्य आवाज बंद करून पाहावे. दोन्हीकडे टोपाझ खुर्चीत कसा बसतो, दार कसे उघडतो, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहतो, यावरून दिग्दर्शकाने ते रूपांतर कितपत योजले होते याचा थोडाफार माग लागतो.

एवढे झाल्यावर हवे तर गुण द्यावेत. आमच्याकडे ते काम आत्याने केले. चित्रपट दुसऱ्यांदा संपल्यावर तिने वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने पूर्वार्धाला आठ आणि उत्तरार्धाला पाच लिहिले. मी म्हटले, सरासरी काढून साडेसहा कर, सात धर, बिचारा इतकी वर्षे अंधारात पडून होता. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही आकड्यांखाली सही केली.